नागपूरच्या शरदासाठी मोजके कपडे, युरोपीय वळणाचे: कापड, बेत आणि जुळवणी

निळीशाई:
ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत पुरेल असा मोजक्या कपड्यांचा संच बांधायचा आहे, घरातल्या दोघांसाठी. एक पुरुषाचा, एक बाईचा, प्रत्येकी साधारण अठरा नग. फ्रान्स-इटलीकडे शरदात दिसतं ते वळण आवडतं: चार-पाच शांत रंग, नीट बेतलेलं जॅकेट, सरळ पॅंट, गळ्यात स्कार्फ. सकाळी आठला दुचाकीवरून मिहान, तिथे दिवसभर २३ वरचा एसी, मधेच दुपारी कामाला सदर किंवा बर्डी. शिंप्याकडून शिवून घ्यायची तयारी आहे. कापड कुठलं, किती मीटर, आणि आधी काय घ्यावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

अस्तर_कॅनव्हास:
कापडाआधी हवामान बघू, कारण चूक बहुतेक तिथेच होते. पॅरिसला ऑक्टोबरात दुपारचा पारा १५-१६ अंशांच्या आसपास असतो. आपल्याकडे त्याच महिन्यात दुपारी ३२-३३ आणि पहाटे २० च्या जवळपास. नोव्हेंबरात दुपार ३० ला टेकते, पहाट १५-१६ वर उतरते. म्हणजे आपल्याला थंडीशी झगडायचं नाही, एकाच दिवसातला बारा-पंधरा अंशांचा फरक सांभाळायचा आहे. म्हणून पॅरिसच्या फोटोतला लोकरीचा ओव्हरकोट, जाड टर्टलनेक आणि अस्तराचा ट्रेंचकोट, तिन्ही यादीतून आत्ताच काढा.

पॅरिस सोडून नेपल्सकडे बघा. १९३० च्या दशकात तिथल्या शिंप्यांनी इंग्रजी कोटातलं खांद्याचं पॅड काढलं, कापडाआड आकार धरणारा जाड कॅनव्हास हलका केला, अस्तर जवळजवळ नाहीसं केलं. बाही शर्टासारखी, मुंढ्यापाशी किंचित चुन्या घेऊन बसवली. त्याला ते ‘स्पाल्ला कामिचा’ म्हणतात, म्हणजे शर्टाचा खांदा. दिसायला कोट, अंगावर शर्टाइतका हलका. समुद्रकाठच्या उन्हाच्या गावाने काढलेला हा तोडगा आपल्या ऑक्टोबरलाही लागू पडतो.

मग तीन थर ठरवा. पहिला थर एकटा घातला तरी पूर्ण वाटला पाहिजे, कारण दुपारी तोच उरणार. दुसरा पुढून उघडणारा हवा: बटणांचा कार्डिगन, जॅकेट, लांब बंडी. डोक्यातून घालायचा स्वेटर ऑफिसात काढणं अवघड, म्हणून तो एकच ठेवा. तिसरा थर म्हणजे स्टोल, डिकीत मावणारा.

वजनं लक्षात ठेवा. पॉपलिन शर्ट ११० ते १२० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम), ऑक्सफर्ड १४० ते १६०, लिनन शर्ट १५० ते १८०. पॅंटचं सुती ट्विल २४० ते २६०. जॅकेटचं कापड २३० ते २६०, त्याच्या वर नाही. २८० च्या पुढचं काही घेतलंत तर डिसेंबर अखेरपर्यंत ते कपाटातच राहील.

कोसाकाठी:
रंगांबद्दल. युरोपातल्या शरदाच्या संचात कॅमल हा मुख्य रंग असतो, आणि तो शोधत लोक पॉलिएस्टरचे बिस्किटी कोट घेऊन येतात. आपल्या घरात तो रंग आधीच आहे. भंडाऱ्याच्या कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, न रंगवलेला मूळ रंग म्हणजेच कॅमल, वर त्याला स्वतःची चमक. मोहाडी, आंधळगावकडे विणलेला कोसा शर्टासाठी, स्टोलसाठी, बायकांच्या सरळ कुर्त्यासाठी घ्या, संचाचा अर्धा रंग तिथेच जमतो.

मात्र गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्याला बिस्किटी रंग अगदी लागून आला की चेहरा फिका दिसतो. म्हणून कोशाचा शर्ट असेल तर आत किंवा गळ्याशी पांढरं किंवा गडद निळं काहीतरी हवं. कोशाची पॅंट मात्र कुणालाही शोभते, पण कोसा पॅंटीला टिकत नाही, गुडघ्याशी फुगतो. पॅंटीला त्याच रंगाचं सुती-लिनन घ्या.

पाया गडद निळा, दुधाळ पांढरा आणि मेंदी. वरून दोनच उठावाचे: विटकरी आणि वांगी. काळा मुद्दाम वगळते आहे. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात काळं सुती कापड दोन महिन्यांत राखाडी पडतं आणि मग गडद निळ्याशेजारी मळकं दिसतं.

निळीशाई:
कोसाकाठी ताई, कोशाचा रंग डोक्यातच आला नव्हता. आता नगांचा हिशोब सांगाल का कुणी? आणि अठरा पुरतात का खरंच?

अस्तर_कॅनव्हास:
पुरतात. ‘कॅप्सूल’, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या मोजक्या कपड्यांचा संच, ही कल्पना १९७० च्या दशकात लंडनच्या सुझी फॉ यांनी त्यांच्या दुकानातून रुजवली. मग १९८५ ला अमेरिकेत डॉना कॅरन यांनी सात कपड्यांचा संच आणला. दोघींचा मुद्दा एकच होता, प्रत्येक नग इतरांशी जुळला पाहिजे.

पुरुषाचा संच असा धरा. शर्ट पाच: पांढरा ऑक्सफर्ड, आकाशी पॉपलिन, बारीक निळ्या रेघांचा लिनन, कोसा, मेंदी खादी. टी-शर्ट दोन: एक आडव्या पट्ट्यांचा, एक साधा गडद निळा. पॅंट चार: गडद निळी पातळ लोकरीची, मेंदी ट्विलची, कोशाच्या रंगाची सुती-लिनन, आणि एक गडद डेनिम. वरचे थर तीन: अस्तराविना निळं जॅकेट, कामगारी धाटणीचं सुती जॅकेट, बारीक विणीचा कार्डिगन. बुटांचे तीन जोड, एक स्टोल. झाले अठरा.

सात वरचे, चार खालचे, म्हणजे अठ्ठावीस जोड्या. त्यावर तीन थर आणि ‘थर नाही’ असे चार पर्याय धरले की ११२. त्यातल्या काही जुळणार नाहीत: मेंदी शर्टावर मेंदी पॅंट नको, लोकरीच्या पॅंटीवर पट्ट्यांचा टी-शर्ट नको. तरी महिनाभर एक जोडी दुसऱ्यांदा येत नाही.

घेण्याआधी कागदावर चौकटी काढा. उभे वरचे कपडे, आडव्या पॅंटी, जुळतं तिथे खूण. ज्या शर्टापुढे तीनपेक्षा कमी खुणा पडतील तो घेऊ नका, कितीही आवडला तरी. या एका चाचणीत चौकड्यांचे, मोठ्या फुलांचे, झगमगीत असे सगळे नग आपोआप गळतात.

अवनी_धरमपेठ:
बायकांचा संच मी मांडते.

वरचे सात: पांढरा सुती शर्ट, आकाशी शर्ट, कोशाचा शर्ट, पट्ट्यांचा टी-शर्ट, बारीक मेरिनोचा गोल गळ्याचा स्वेटर, आणि दोन सरळ कुर्ते. कुर्ते गुडघ्याच्या चार बोटं वर संपणारे, बाजूचा काप उंच, गळा बंद किंवा छोटा व्ही. अशा कुर्त्यावर सरळ पॅंट आणि जॅकेट घातलं की तो लांब शर्टासारखा बसतो. घेरदार अनारकली या संचात चालणार नाही, जॅकेटखाली कापड गोळा होतं.

खालचे चार: गडद निळी सरळ पॅंट, मेंदी पॅंट, गडद डेनिम, आणि पोटरीच्या मध्यावर येणारा ए-लाइन स्कर्ट, विटकरी किंवा वांगी. थर तीन: अस्तराविना जॅकेट, खादीची बिनबाह्यांची लांब बंडी, कार्डिगन. लोफर, चपटे बंद बूट आणि कोल्हापुरी. एक स्टोल. हेही अठरा.

कापड: ४४ इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) शर्टाला सव्वादोन मीटर, बंडीला दोन मीटर, स्कर्टलाही दोन. ५८ इंच पन्ह्यात पॅंटीला दीड मीटर, जॅकेटला दोन.

बायकांच्या शर्टात हमखास फसतं ते छातीशी. बटणपट्टी तिथे उघडते. शिंपी गळ्यापासून सारख्या अंतरावर काज पाडत खाली येतात आणि छातीचा सर्वांत भरलेला भाग नेमका दोन बटणांच्या मधे येतो. सांगायचं असं: पहिलं बटण छातीच्या मापाच्या रेषेवर ठेवा आणि तिथून वर-खाली तीन-सव्वातीन इंचांवर बाकीची. सोबत बाजूच्या शिवणीतून छातीकडे टक्स हवाच. छातीवर अंगाच्या मापापेक्षा तीन ते चार इंच सैल ठेवा. ताण येणार नाही आणि शर्ट पोतडीही वाटणार नाही.

इतवारीचा_सुभाष:
निळीशाई भाऊ, कापडासाठी गांधीबाग-इतवारी पायी फिरा, सकाळी अकरा-बाराच्या सुमारास. गर्दी कमी राहते अन् दुकानदार थान उलगडून दाखवते. थान दाराशी, उजेडात न्या. ट्यूबलाइटखाली गडद निळा अन् काळा सारखाच दिसते.

‘लिनन’ म्हणून जे विकून राहिले त्यात निम्मं लिनन-व्हिस्कोस किंवा लिनन-पॉलिएस्टर राहते. नमुन्याचा दोन इंची तुकडा मागा, आडवे-उभे दोन्ही धागे वेगवेगळे काढा अन् घरी चिमट्यात धरून जाळा. सूत, लिनन, व्हिस्कोस कागदासारखं जळते, वास कागदाचा, राख मऊ राखाडी. लोकर अन् कोसा जळताना केसाचा वास येते, टोकाशी काळा गोळा होते पण बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर, अॅक्रिलिक वितळते, गोळा कडक, फुटत नाही. एका दिशेचे धागे वितळले अन् दुसऱ्या दिशेचे जळले तर कापड मिसळीचं. भांड्यात पाणी बाजूला ठेवूनच करा हे.

जीएसएम दुकानदार सांगेल त्यावर राहू नका. दहा सेंटिमीटर लांब-रुंद असा चौकोन नीट कापा अन् सोनाराच्या काट्यावर ठेवा. जितके ग्रॅम येतील त्याला शंभराने गुणा. १.६ ग्रॅम भरलं तर १६० जीएसएम. सराफा ओळ बाजूलाच आहे, विनंती केली तर कोणीही तोलून देते.

पन्हा नक्की मोजा. खादी बहुतेक ३६ किंवा ४५ इंची, गिरणीचं शर्टिंग ५८ इंचीही मिळते. पूर्ण बाहीच्या पुरुषी शर्टाला ३६ इंचीत अडीच मीटर, ५८ इंचीत १.६ मीटर. पॅंटीला ५८ इंचीत १.३० मीटर, उंची सहा फुटांकडे असेल तर दीड. जॅकेटला दोन मीटर, छाती ४२ च्या वर असेल तर पाव मीटर जास्त. रेघा-चौकडी जुळवायची असेल तर अजून पाव.

अन् आटण्याचं धरा. सुती तीन ते पाच टक्के आटते, खादी त्याहून जास्त. अडीच मीटरचे पाच टक्के म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. मापात घेतलं तर बाही आखूड येणार हे ठरलेलंच.

मुंढा_मोहरी:
सुभाष भाऊंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: कापड शिंप्याकडे जाण्याआधी भिजवा. साध्या पाण्यात रात्रभर, पिळायचं नाही, दोरीवर उभ्या धाग्याच्या दिशेने सावलीत वाळवा, थोडं ओलं असतानाच इस्त्री. खादी आणि लिनन दोनदा भिजवा. रंगीत खादी पहिल्या वेळी वेगळ्या बादलीत. पाणी रंगीत निघतंय तोवर पांढऱ्या कपड्याशी गाठ घालू नका. नीळ वापरलेल्या कापडाचा रंग पाण्यात कमी जातो पण घासला की उतरतो, त्यामुळे निळ्या जॅकेटच्या आत पांढऱ्या शर्टाची कॉलर निळसर होते. पांढऱ्या रुमालाने शंभरदा घासून बघा. रुमालावर गडद डाग आला तर ते कापड जॅकेटला घेऊ नका. लोकरीचं कापड मात्र भिजवायचं नाही, ओल्या सुती फडक्यावरून वाफेची इस्त्री पुरते.

कॉलरवर बुडबुडे येतात त्याचं कारणही हेच. आतलं चिकटवलेलं बकरम आणि वरचं कापड वेगवेगळ्या प्रमाणात आटतात, चिकट सुटतो, आणि फुगवटे राहतात. एकदा आले की इस्त्रीने जात नाहीत. या संचासाठी कॉलरला न चिकटणारं, शिवून बसवायचं सुती बकरम मागा आणि तेही कापडाबरोबर भिजवा. कॉलर थोडी मऊ पडते. इटालियन शर्टाची कॉलर मऊच असते, गळ्याशी वळते, टाय नसताना पडत नाही. कडक पुठ्ठ्यासारखी कॉलर या कपड्यांवर परकी वाटते.

निळीशाई:
जॅकेट शिवायला शर्टाचा शिंपी चालेल की सुटाचाच हवा? बर्डीवर दोन्ही आहेत, पण सुटाचे शिंपी पॅड घातल्याशिवाय तयारच होत नाहीत असं ऐकलं.

अस्तर_कॅनव्हास:
दोन जॅकेटं, दोन शिंपी.

कामगारी जॅकेट शर्टाच्या शिंप्याला द्या. फ्रान्समध्ये कारखान्यांत, रेल्वेत, शेतात घालायचे ते निळं जॅकेट, ‘ब्लू द त्राव्हाय’. सरळ बेत, शर्टाची कॉलर, पुढे पाच बटणं, बाहेरून लावलेले तीन खिसे, अस्तर नाही, पॅड नाही. मूळ कापड जाड ड्रिल किंवा मोलस्किन. आपण २२० ते २५० चं सुती ड्रिल घेऊ. शर्ट ज्याला येतो त्याला हे येतंच. सूचना फक्त तीन: आतल्या शिवणी उघड्या ठेवू नका, दुहेरी टीप घालून दाबा, खिशाच्या वरच्या कोपऱ्यांना उलटसुलट टीप, आणि लांबी पार्श्वभाग अर्धा झाकेल एवढीच. त्याहून लांब झालं की ते डॉक्टरच्या कोटासारखं दिसतं. घरात एकच शिवायचं असेल तर हेच शिवा. दुचाकीवर वारा अडतो, ऑफिसात शोभतं, घरी धुता येतं.

निळं जॅकेट सुटाच्या शिंप्याकडे. कापड हॉपसॅक विणीचं पातळ लोकरीचं, २४० च्या आसपास. हॉपसॅक म्हणजे टोपलीच्या विणीचं कापड, उजेडात धरलं तर बारीक छिद्रं दिसतात, हवा खेळते, चुरगळत नाही. शिंप्याला या भाषेत सांगा: खांद्याला पॅड नको, फार तर कापसाचा एक पातळ थर, पुढच्या भागाला फ्युजिंग नको, हलकं कॅनव्हास छातीपुरतं, अस्तर फक्त बाह्यांत आणि पाठीच्या वरच्या एक-तृतीयांशात, बाकी सगळ्या आतल्या शिवणींच्या कडांना पायपिंग, म्हणजे कापडाची बारीक पट्टी. बाहीत अस्तर हवंच, नाहीतर सुती शर्टावर बाही सरकत नाही, अडकते. पायपिंगचं काम वेळखाऊ आहे, म्हणून अस्तर कमी असूनही शिलाई वाढते. ती वाढ न्याय्य आहे, घासाघीस करू नका.

फ्युजिंगला विरोध का? चिकटवलेला थर हवा अडवतो, आणि वाफेच्या जोरदार इस्त्रीने कधी ना कधी सुटून छातीवर फोड आल्यासारखा दिसतो.

मुंढा उंच घ्यायला सांगा. लोक समजतात की मुंढा खोल म्हणजे हात मोकळा. उलट आहे. मुंढा खोल असेल तर हात वर केला की सबंध जॅकेट वर येतं. दुचाकीचं हँडल धरताना हे रोज जाणवेल. ट्रायलच्या वेळी दोन्ही हात पुढे करून बघा, कॉलर मानेपासून सुटता कामा नये.

पट्टेवाली:
आडव्या पट्ट्यांच्या टी-शर्टबद्दल कुणी बोललं नाही. तो फ्रेंच आरमाराचा. २७ मार्च १८५८ च्या आदेशात त्याचं मोजमापच दिलं होतं: अंगावर २१ पांढरे पट्टे, प्रत्येक २० मिलिमीटर, आणि निळे पट्टे त्याच्या निम्मे, १० मिलिमीटर. हे दोनास एक प्रमाण ज्यात असतं तो शांत दिसतो. बाजारात पांढरा-निळा सारख्याच रुंदीचा मिळतो, तो डोळ्यांना हलतो.

घेताना दोन गोष्टी. बाजूच्या शिवणीत पुढचे-मागचे पट्टे जुळलेत का? बेतात काटकसर केली की ते अर्ध्या पट्ट्याने सरकतात. आणि गळ्यापासून छातीपर्यंतचा भाग साधा असलेला घ्या, पट्टे त्याखाली सुरू होणारे. जॅकेटखाली तो जास्त चांगला दिसतो. मूळ विणकाम जाड असतं, आपल्याला १८० जीएसएम पुष्कळ. उलटा करून धुवा, सावलीत आडवा वाळवा. दोरीवर खांद्यांतून लोंबत ठेवला तर पट्टे कमानीसारखे वाकतात.

सूतकताई:
मला लिननच्या आग्रहाबद्दल आक्षेप नोंदवायचा आहे. लिनन चांगलंच, आणि युरोपात फ्रान्स-बेल्जियमच्या किनारपट्टीवर जवस पिकतं म्हणून तिथे ते आपसूक आलं. आपण कापसाच्या पट्ट्यात राहतो. १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे उभी राहिली ती याच कापसासाठी. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, १९३८ पासूनचं, तिथे नैसर्गिक रंगांची खादी मिळते. हाताने कातलेला, हाताने विणलेला धागा थोडा ओबडधोबड असतो, त्यामुळे कापड अंगाला सपाट चिकटत नाही, मधे हवा राहते. इटालियन जॅकेटांत जे ‘स्लब’ टेक्श्चर दाखवून विकतात ते खादीत मुळातच असतं. बंडी, कामगारी जॅकेट, मेंदी शर्ट, तिन्ही खादीत करा.

मुंढा_मोहरी:
बंडी आणि शर्टाला पूर्ण सहमत. कामगारी जॅकेटला मात्र साधी खादी कमी पडेल, कोपरात फुगते आणि खिसे लोंबतात. दुसुती, म्हणजे दोन धागे एकत्र घेऊन विणलेली, मिळाली तर जरूर. आणि लिननचा एक शर्ट असू द्यावा. तो घाम पटकन शोषतो आणि पटकन सुकतो, ऑक्टोबरच्या दुपारी याचा खरा उपयोग. लिननला इस्त्री ओलं असतानाच, आणि घडी दरवेळी वेगळ्या रेषेवर. एकाच रेषेवर दाबत राहिलं की धागे तिथे तुटतात, कॉलरच्या वळीवर सर्वांत आधी.

पॅंटींचं राहिलं. या वळणात पॅंट सरळ आणि कमरेशी उंच असते. पुढची उंची, म्हणजे कंबरपट्टीपासून दोन पायांच्या सांध्यापर्यंत, पुरुषांसाठी साडेदहा ते अकरा इंच. मांडीला बसल्यावर चिमूटभर कापड हातात यावं. मोहरी, म्हणजे पायाच्या खालच्या टोकाची रुंदी, सपाट ठेवून साडेसात ते आठ इंच. बायकांच्या सरळ पॅंटीला साडेआठ ते नऊ. लांबी बुटाला जेमतेम टेकेल एवढी. आत दीड-दोन इंच दाब सोडायला सांगा, मागच्या शिवणीतही एक इंच. दिवाळीनंतर तो कामी येतो.

चामडं_आणि_पॉलिश:
बुटांवर थोडं. तपकिरी लोफर, स्वेडचे घोट्यापर्यंतचे डेझर्ट बूट, आणि पांढरे कॅनव्हासचे. डेझर्ट बूट इंग्लंडच्या क्लार्क्सने १९५० च्या सुमाराला बाजारात आणले, कल्पना कैरोच्या बाजारात सैनिक करून घेत त्या बुटांची. अस्तर नाही, तळवा मऊ, कोरड्या धुळीसाठीच बनलेले, म्हणून नागपूरला ते चालतात. पाऊस पूर्ण परतल्याशिवाय मात्र काढू नका, ओल्या स्वेडवर डाग राहतो. धूळ रोज रबरी ब्रशने एकाच दिशेने झटका.

पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या चामड्यावर पांढरी बुरशी असेलच. आधी बाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, मग पाणी-व्हिनेगर समभाग असलेल्या ओलसर फडक्याने, सावलीत दोन दिवस, त्यानंतर क्रीम. बुरशीवरच पॉलिश चढवलं तर ती आत राहते आणि आठ दिवसांत परत येते. एक जोड सलग दोन दिवस घालू नका. चामड्याला आतला घाम सुकायला एक पूर्ण दिवस लागतो. कमरेच्या पट्ट्याचा रंग लोफरशी जुळवा.

कोसाकाठी:
लोकर आणि कोसा सांभाळण्याचं.

थंडीचे गाडे लागले की स्वस्त कार्डिगन भरपूर येतील, बहुतेक अॅक्रिलिकचे. बगलेत आणि मनगटाशी महिन्याभरात गोळे, उन्हात घाम, एसीत चटचट. मेरिनो घ्या, १८-१९ मायक्रॉनचा धागा, बारीक वीण. तो टोचत नाही आणि २० अंशांना पुरेसा. कोजागिरीपर्यंत कार्डिगन एसीपुरता बॅगेत, कार्तिकी पौर्णिमेनंतर सकाळी अंगावर.

धुवायचा गार पाण्यात. बहुतेक पावडरींत प्रथिनांचे डाग पचवणारे एन्झाइम असतात, आणि लोकर, कोसा ही स्वतःच प्रथिनं. पावडर त्यांनाही खाते. रिठा वापरा: दहा-बारा रिठे बिया काढून रात्रभर भिजवा, सकाळी कोमट पाण्यात कुस्करून गाळा, अर्ध्या बादलीला पुरतं. पाच-सात मिनिटं बुडवून हलकेच दाबा, चोळू नका. चोळलं की लोकरीचे खवले एकमेकांत अडकून कापड नमद्यासारखं घट्ट होतं, आणि ते परत सैल होत नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा, खाटेवर आडवं वाळवा. बोअरवेलचं पाणी जड असेल तर शेवटच्या पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर.

कसर लागते ती घामाच्या किंवा अन्नाच्या डागाला आधी, म्हणून न धुता ठेवू नका. कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळलेलाच, मलमलच्या पुरचुंडीत. ओलसर पाल्याचा हिरवट डाग कोशावरून निघत नाही. डांबरगोळ्याही कापडाला टेकवू नका.

अवनी_धरमपेठ:
स्टोलबद्दल एकच. दोन मीटर लांब, सत्तर सेंटिमीटर रुंद कोशाचा, म्हणजे गळ्याला दोन वेढे येतात आणि उघडला तर खांदे झाकतात. पण दुचाकीवर तोंडाला बांधायला तो वापरू नका. सनस्क्रीन, घाम आणि धूर यांचे डाग कोशावर पिवळे पडतात. तोंडाला सुती मलमलचा वेगळा ठेवा, रोज धुता येईल असा.

निळीशाई:
इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. कागदावर चौकटी काढल्या. पुरुषी संचात मेंदी शर्टाला आणि पट्ट्यांच्या टी-शर्टला तीन-तीन खुणा आल्या, बाकी सगळ्यांना चार. बायकांच्या संचात वांगी स्कर्ट दोन्ही कुर्त्यांशी जुळत नाही, पण पाच वरच्यांशी जुळतो, म्हणून ठेवला. पट्ट्यांचे टी-शर्ट, मेरिनो, डेनिम आणि बूट तयार घेणार, बाकी शिवायचं. क्रम काय ठेवू?

मुंढा_मोहरी:
सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कापड, दुसऱ्यात भिजवणं. निळं जॅकेट सर्वांत आधी टाका, त्याला दोन ट्रायल लागतात आणि नवरात्रापासून शिंप्यांकडे लग्नाच्या सुटांची रांग लागते; दसऱ्यानंतर नवं माप कुणी घेत नाही. पॅंटी दुसऱ्या. शर्ट आधी एकच शिवून घ्या, तो दोनदा धुवा, मग बाही आणि कॉलर मोजून उरलेले चार टाका. आणि जॅकेटच्या ट्रायलला तोच धुतलेला शर्ट घालून जा. शर्टाची बाही जॅकेटबाहेर अर्धा इंच दिसली पाहिजे, आणि हे टी-शर्टवर माप देऊन कधीच जमत नाही.